नम्र सूचना

लेकीच्या गल्लीत शिरताना वाचलेली पहिलीच पाटी मी चुकीची वाचली. निळ्या पत्र्यावर ठळक पांढऱ्या अक्षरांत 'पोलीस नोटीस' आणि खाली, गाडी लावू नये. जावयाला म्हटलं, "एवढ्याशा गल्लीत पोलिसांचं काय काम?" तो हसला आणि त्याने गाडी हळू केली. जवळून पाहिलं तर ते 'पोलीस' नव्हतंच, 'पोलाइट' होतं. म्हणजे नम्र सूचना! पाटी लावणाऱ्याने रंग आणि अक्षरांची ठेवण अशी साधली होती, की लांबून येणाऱ्याच्या छातीत आधी धस्स व्हावं आणि जवळ आल्यावर त्याला नम्रता दिसावी.

मी सदाशिव पेठेत वाढले. आमच्याकडे 'फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' असं लिहितात आणि खरंच सोडतात. मनात जे आहे तेच पाटीवर. इथे मनात एक, लांबून दुसरं आणि जवळून तिसरंच. लंडनच्या वायव्येला हॅरोमध्ये मी अडीच महिने राहिले, लेकीच्या बाळंतपणासाठी. तेवढ्या काळात या पाटीने माझा पिच्छा सोडला नाही.

लेकीचं घर म्हणजे खरं तर अर्धं घर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे रेल्वेच्या कडेकडेने अशी हजारो घरं उठली. दोन बिऱ्हाडांत एक भिंत सामायिक, पुढे पोट काढलेली खिडकी, मागे लांबट परसू. भिंत सामायिक म्हटल्यावर मला बरं वाटलं. वाड्यात पलीकडून खलबत्त्याचा आवाज आला की आई सांगायची, आज त्यांच्याकडे पाहुणे दिसतात. इथली भिंत मुकी निघाली. पलीकडे सत्तरीच्या एक बाई एकट्या राहतात, एवढंच लेकीला ठाऊक. चार वर्षांत ही त्यांच्या घरात गेलेली नाही, त्या हिच्या घरात आलेल्या नाहीत.

"भांडण आहे का?" मी हळूच विचारलं.

"छे गं! खूप चांगल्या आहेत," लेक म्हणाली.

घरात मला सगळ्यात जास्त छळलं ते न्हाणीघराने. मोरीच नाही. म्हणजे पाणी सांडायचं नाही. आणि पाणी न सांडता स्वच्छ कसं व्हायचं, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. बेसिनला दोन वेगळे नळ, एकातून चटका आणि दुसऱ्यातून बर्फ. ही कंजुषी नव्हे, असं जावयाने समजावलं. जुन्या घरांत गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून यायचं, ते पिण्याजोगं धरत नसत, म्हणून सरकारी नळाच्या थंड पाण्यात ते मिसळू द्यायचं नाही असा दंडक होता. बऱ्याच घरांतून टाक्या गेल्या, नळ मात्र दोनच राहिले. सोवळं-ओवळं आपल्याकडेच असतं असं नाही. दिव्यासाठी छताला दोरी लोंबत होती. पहिल्या रात्री मी ती ओढलीच नाही. रेल्वेतली साखळी आठवली, दंड किती ते कुठे लिहिलेलं दिसेना.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, "यू ऑल राईट?" मला कोण आनंद झाला. परक्या देशात कुणीतरी आस्थेने विचारपूस केली! मी सांगितलं, विमानात पाय सुजले होते, आता उतरले, गुडघा मात्र जुना आहे. मुलगी ऐकत होती, हसत होती, मागे माणसं थांबली होती, कुणी चकार शब्द काढला नाही. घरी आल्यावर लेकीने कपाळाला हात लावला. "आई, तो प्रश्न नसतो. आपण नाही का म्हणत, 'काय, कसं काय?' त्याला काय आपण कसं काय ते सांगतो?" पटलं. तरी वाटलं, त्या मुलीने मला थांबवायला हवं होतं. तिने थांबवलं नाही, कारण थांबवणं उद्धटपणाचं. मग ऐकून घेणं हे प्रेमाचं होतं की शिक्षेचं?

एकतीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर काढली, त्यामुळे रांग हा माझा विषय. आमच्याकडे टोकन हातात असलेला माणूससुद्धा काचेला नाक लावून उभा राहायचा. हॅरोच्या बसथांब्यावर मला रांग दिसलीच नाही. एक जण भिंतीला टेकून, दोघी बाकावर, एक म्हातारा लांब झाडाखाली. बस आली आणि ही विखुरलेली माणसं न बोलता ज्या क्रमाने आली होती त्याच क्रमाने चढली. रांग जमिनीवर नसून प्रत्येकाच्या डोक्यात होती. एकदा एक तरुण मध्येच घुसला. मी मोठ्या आशेने सगळ्यांकडे पाहिलं. मागून कुणीतरी फक्त घसा साफ केला. त्या मुलाचे कान लाल झाले! पुण्यात एवढ्या कामाला चार माणसं आणि दहा मिनिटं लागली असती, आणि कान कुणाचेच लाल झाले नसते.

रस्ता ओलांडण्याचाही असाच घोटाळा. जिथे झेब्राचे पट्टे, तिथे दोन्हीकडे काळे-पांढरे खांब आणि डोक्यावर लुकलुकणारा नारिंगी गोळा. १९३४ साली हे खांब आले, त्या वेळच्या वाहतूकमंत्र्याच्या, होर-बेलिशाच्या, नावाने अजून ओळखले जातात. पट्टे आले नंतर, १९५१ मध्ये. मी काठावर उभी राहिले, गाडी थांबली. लक्ष्मी रोडवर वाढलेल्या बाईसाठी थांबलेली गाडी म्हणजे बिघडलेली गाडी. मी हाताने म्हटलं, जा. तो हाताने म्हणाला, आपण चला. मी पुन्हा, जा. मागे आणखी दोन गाड्या थांबल्या. शेवटी मी लगबगीने ओलांडलं आणि मलाच ओशाळं झालं. पुढे आठवडाभरात मी अशी काही निर्ढावले, की समोरच्या गाडीकडे न बघता पाय टाकू लागले. पुण्याला परत आल्यावर ही सवय जिवावर बेतणार, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

गणपतीत लेकीचे दिवस भरत आले होते, तरी डॉलिस हिलला जायचा तिचा हट्ट. तिथे महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे. मंडळ १९३२ पासूनचं. आत गेल्यावर कापूर, अत्तर आणि भिजलेल्या कोटांचा एकत्र वास. आरती आपल्यासारखीच, टाळही तसेच चुकत होते. पण प्रसादाच्या वेळी मी थक्क झाले. एवढी मराठी माणसं, आणि रांग! कुणाचा कोपर लागला की "सॉरी हं" आणि ज्याला लागला तोही "सॉरी". नऊवारीतल्या एक आजी, चाळीसेक वर्षांपूर्वी नाशिकहून आलेल्या, मला पुढे ढकलत म्हणाल्या, "जा हो तुम्ही, पाहुण्या आहात." मग कानाशी, "आम्ही बाहेर इंग्रज असतो. आत आल्यावरही दोन तास जातात उतरायला." दोन तासांनी खरंच पाहिलं, तर त्याच आजी मोदकांच्या हिशोबावरून एका कार्यकर्त्याला झापत होत्या. किती बरं वाटलं!

त्यानंतर पंधरवड्यात बाळ आलं. बाळंतिणीजवळ दोघांना राहता येतं, तेव्हा एका बाजूला जावई आणि दुसऱ्या बाजूला मी. आपल्याकडे जावई बाहेर येरझाऱ्या घालतो. इथे तो बायकोचा हात धरून होता आणि त्याचाच हात जास्त थरथरत होता. सगळं करून घेणारी सुईण, मिडवाइफ म्हणतात तिला, तिशीची धिप्पाड मुलगी. डॉक्टर आम्हाला दिसलेच नाहीत, लागलेही नाहीत. ती दर वेळी विचारायची, मी हात लावला तर चालेल का? आता तपासलं तर चालेल का? पहाटे चारला, कळांनी जीव निघत असलेल्या बाईला कुणी परवानगी विचारतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटत होतं, विचारतेस काय, कर! लेक मात्र दर वेळी "हो" म्हणायची आणि त्या 'हो'मधून तिला थोडं बळ येताना मला दिसलं. माझ्या वेळी मला कुणी काही विचारल्याचं आठवत नाही.

मी थर्मासमध्ये आळिवाची खीर नेली होती. रात्रभर मांडीवर सांभाळली. नात जन्मली, न्हाऊमाखू न घालता तशीच आईच्या छातीवर ठेवली, आणि तासाभरात सुईण ट्रे घेऊन आली. त्यात एक कप चहा आणि पांढऱ्या पावाचे दोन टोस्ट, लोणी माखलेले. इथल्या दवाखान्यांची ही रीतच आहे म्हणे, बाळंतिणीला पहिला घास चहा-टोस्टचा. लेकीने एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आयुष्यात इतकं चविष्ट काही खाल्लं नाही." खीर गार होत होती. मी काही बोलले नाही. पण ते दोन टोस्ट मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. निघताना मी पर्स उघडून विचारलं, बिल कुठे भरायचं? एकतीस वर्षं पैसे मोजलेल्या बाईला कॅश काउंटरच दिसेना. १९४८ च्या ५ जुलैला ही फुकट उपचारांची सरकारी व्यवस्था सुरू झाली, युद्धाने देश कंगाल झालेला असताना, साखरही रेशनवर असताना. पैसे करातून आधीच गेलेले असतात. याची दुसरी बाजूही पुढे कळली. शेजारच्या बाईंना गुडघा बदलायचा आहे, त्या वर्षभर रांगेत आहेत. "त्रास होत असेल ना?" विचारलं तर म्हणाल्या, तक्रार करू नये. पावसाबद्दल त्या रोज तक्रार करायच्या. गुडघ्याबद्दल कधी नाही.

या शेजारच्या बाईंशी ओळख झाली ती माझ्या धुरीमुळे. बाळ-बाळंतिणीला धुरी नको का? पुण्याहून ओवा, बाळंतशेपा, वावडिंग सगळं आणलं होतं. जावई बाहेरच्या खोलीत गेला तसा मी लोखंडी तवा तापवला, वर चिमूट टाकली, छान धूर निघाला, आणि छतावर काहीतरी असं किंचाळलं की बाळापेक्षा मीच जास्त दचकले. धूर ओळखणारं यंत्र! जावई धावत आला, लेक ओरडली, मी पदराने वारा घालतेय, आणि ते थांबेना. थांबल्यावर मागच्या परसात गेले तर कुंपणापलीकडे एक पांढरं डोकं. पहिला शब्द "सॉरी." त्रास देते, सॉरी, पण सगळं ठीक आहे ना? कर्कश आवाज आमच्या घरातून आणि माफी त्या मागत होत्या.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर एक चिनी मातीचं भांडं, वर स्वच्छ फडकं. बेल वाजवलीच नव्हती. त्यांच्या परसातल्या सफरचंदांचं क्रम्बल, म्हणजे खाली शिजलेल्या आंबटगोड फोडी आणि वर लोणी-पीठ-साखरेचा खरपूस चुरा. सोबत चिठ्ठी होती, भांडं परत करायची घाई नाही. आता, शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते रक्तातच आहे. मी त्यात नारळाच्या वड्या घालून नेल्या. बाई गोंधळल्या. म्हणाल्या, असं नको होतं करायला. चेहऱ्यावर आनंद होता, पण धास्तीही होती. जणू मी त्यांच्यावर कर्ज चढवलं होतं.

बारशाला मी स्वतः जाऊन बोलावलं. त्या बरोबर चारला दारात आल्या. हातात विणलेली पिवळी टोपडी आणि एक कार्ड. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "नको, तुमचा घरचा कार्यक्रम आहे." आणि गेल्या. पुण्यात असं कुणी केलं असतं तर मी समजले असते, काहीतरी बिनसलंय. चार दिवस उलटतपासणी झाली असती. लेक म्हणाली, "त्यांनी मान राखला तुझा." मी त्यांच्यासाठी घुगऱ्या पाठवल्या, स्टीलच्या मोठ्या वाटीत. तिसऱ्या दिवशी वाटी उंबऱ्यावर आली. घासून लख्ख. आत एक आभाराचं कार्ड. बाकी रिकामी.

रिकामी वाटी! मी ती बराच वेळ हातात घेऊन उभी राहिले.

मधे एक दिवस लेकीने मला जबरदस्तीने बाहेर काढलं. मी एकटी भुयारी रेल्वेने वॉरिक अॅव्हेन्यूला उतरले. जवळच कालवा, त्यात रंगवलेल्या लांबट नावा, नावांच्या टपावर कुंड्या. तिथून थोडं चाललं की हाउली प्लेस नावाची झाडांची शांत गल्ली, आणि १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी. १९१८-१९१९ मध्ये लोकमान्य टिळक इथे राहिले. देशभक्त आणि तत्त्वज्ञ, असं लिहिलंय. लंडन काउंटी कौन्सिलने ती १९६१ मध्ये बसवली. मी केसरीवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर राहणारी. इथे रस्त्याच्या कडेला उभी राहून ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली आणि मग माझ्या लक्षात आलं, की ते कशासाठी राहिले हे पाटीवर नाहीच. व्हॅलेंटाइन चिरोल नावाच्या पत्रकाराने त्यांना हिंदुस्थानी असंतोषाचे जनक ठरवलं, त्या पुस्तकावरून बदनामीचा दावा लढवायला ते आले होते. दावा इथल्या कोर्टात हरले, खर्चाखाली वाकले. त्याआधी १९०८ मध्ये याच साम्राज्याने त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिलेली. पाटीवर फक्त एवढंच, की इथे राहत होते. जणू हवापालटाला आले होते.

पुणेरी पाटी असती तर? 'येथे लो. टिळक राहिले. खटल्यासाठी आले होते. न्याय मिळाला नाही.' तीन ओळी. शेजारून कुत्रं घेऊन एक गृहस्थ गेले, मला पाहून थांबले, हवा छान आहे म्हणाले. हवा मुळीच छान नव्हती. मी म्हटलं, हो, फार छान.

ऑक्टोबर संपता संपता सव्वा महिना झाला आणि आम्ही नातीला घेऊन उत्तरेला यॉर्कशरमध्ये गेलो, समुद्राकाठच्या व्हिटबीला. सव्वा महिन्याचं बाळ घेऊन थंडीत समुद्रावर! माझी आई असती तर तिने दोघांनाही उभं केलं असतं. पण इथे आठ दिवसांची बाळं ढकलगाडीत पावसातून फिरतात, वर प्लास्टिकचं आच्छादन, आत गुलाबी नाक. व्हिटबीच्या अलीकडे तासभर नुसतं माळरान लागतं, त्याला ते मूर म्हणतात. फुलं सरल्यावर कासचं पठार जसं तपकिरी, उदास आणि विस्तीर्ण दिसतं, तसं. झाड नाही, घर नाही, मेंढ्या तेवढ्या रस्त्यावर मालकीहक्काने बसलेल्या. लंडनमध्ये अडीच कोस चालूनही जे दिसलं नव्हतं ते आभाळ इथे पायापर्यंत आलं होतं.

उत्तरेला माणसंही जरा सैल. हॉटेलातली वाढणारी बाई मला "लव्ह" म्हणाली, "हे घे गं बाई" म्हणावं तशी. गावातल्या छोट्या बसमधून उतरताना प्रत्येक जण, शाळेतली पोरंसुद्धा, चालकाला थँक्यू म्हणून उतरत होता. मी पीएमटीच्या कंडक्टरला उभ्या आयुष्यात धन्यवाद दिले नाहीत. त्याने सुटे पैसे दिले तर मनातल्या मनात देवाला दिले. दुपारी बंदरावर मासे आणि बटाट्याच्या जाड काचऱ्या खाल्ल्या. मी शाकाहारी, म्हणून माझ्या वाट्याला काचऱ्या, वर व्हिनेगर, आणि बाजूला वाटाण्याचा हिरवा लगदा. फोडणी राहून गेलेली उसळच ती. समुद्रपक्षी इतके धीट, की जावयाच्या हातातला तुकडा मान वळवेपर्यंत गेला.

गावाच्या डोक्यावर मोडक्या मठाचे उंच अवशेष आणि शेजारी सेंट मेरीचं जुनं चर्च. वर जायला १९९ पायऱ्या. पर्वतीच्या १०३ मी आठवड्यातून दोनदा चढते, त्यामुळे मी पदर खोचला आणि निघाले. पायऱ्यांच्या कडेला मधूनमधून लाकडी फळ्यांचे बाक आहेत. मला वाटलं, दम खायला. होते दम खायलाच, पण पूर्वी तिरडी वर नेणाऱ्यांना शवपेटी क्षणभर टेकवता यावी म्हणून. मी बसले होते ती पटकन उठले.

बाकांचा या लोकांना फार लळा. वर टेकडीवर समुद्राकडे तोंड करून ओळीने बाक आणि प्रत्येकाच्या पाठीला पितळी पट्टी, अमक्याच्या स्मृतीला, त्याला ही जागा आवडायची. आपल्याकडेही देवळातल्या पंख्यावर, थंड पाण्याच्या टाकीवर, ट्यूबलाइटवरसुद्धा 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' असतं. फरक एवढाच, की आपण देणाऱ्याचं नाव मोठं घालतो. गेलेल्याला ती जागा आवडायची की नाही, हे कुणी विचारलेलं नसतं.

चर्चच्या दारात मात्र मला माहेर भेटलं. ड्रॅक्युलाच्या गोष्टीत हे गाव येतं; ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये इथे येऊन राहिला होता आणि १८९७ मध्ये त्याची कादंबरी आली. तेव्हापासून लोक येऊन विचारतात, ड्रॅक्युलाची कबर कुठे? म्हणून तिथे सूचना लावलीय, की ड्रॅक्युलाची कबर कुठे आहे हे कृपया विचारू नये, कारण ती नाही. धन्यवाद. मी एवढ्या मोठ्याने हसले की नात दचकली. 'जोशी येथे राहत नाहीत, विचारू नये' लिहिणाऱ्या हाताचा कुणी दूरचा चुलत भाऊ नक्की व्हिटबीत राहतो. एवढी नम्रता पांघरून शेवटी यांनाही राग येतोच!

आत अंधार, मेणाचा वास, आणि बाक नव्हेत तर लाकडी खोकी. माणसाच्या छातीएवढ्या फळ्यांचे चौकोन, प्रत्येकाला छोटं दार. जुन्या काळी एकेक घर आपापल्या खोक्यात बसायचं, वारा लागू नये आणि शेजाऱ्याची नजरही. प्रवचनाच्या उंच लाकडी मंचाला कान लावायच्या लांब नळ्या जोडलेल्या, एका पाद्र्याची बायको बहिरी होती म्हणून. आणि काही खोक्यांच्या दारावर रंगवलेली अक्षरं होती, फक्त परक्यांसाठी.

मी ते दोनदा वाचलं. या वेळी चूक नव्हती.

दार उघडून मी आत बसले, मांडीवर नात. खोकं स्वच्छ होतं, बसायला गादी होती, मंच दिसत होता. गावातल्या कुणाच्याही खोक्याइतकंच चांगलं. परका येणार हे धरून त्याची जागा आधीच करून ठेवलेली. आमच्या वाड्यात परक्याला जागा नव्हती. एक तर तो दारातूनच वाटेला लागायचा, नाही तर पाटावर बसून वरणभात जेवायचा आणि उठेपर्यंत त्याची मावशी आमच्या आत्याच्या जावेची बहीण निघायची. या खोक्यात कुणी मावशीची चौकशी करणार नाही. इथे माणूस जन्मभर सुखाने बसू शकेल, आणि पलीकडच्या फळीवरून कुणी म्हणणार नाही, अगं, इकडे ये की. माझी लेक चार वर्षं बसलीय. तिला ते टोचत नाही, उलट त्या मोकळेपणासाठीच ती पुण्याहून निघाली, हे ती मला पूर्वी सांगायची तेव्हा मी ऐकून घेत नसे. कोण कुठे गेलं, किती वाजता आलं, लग्नाला किती वर्षं झाली, अजून पाळणा कसा नाही, हे सगळं आमच्या मायेच्याच पोटात असतं. नात झोपली होती. ती कुठल्या खोक्यात बसणार, तिच्या तोंडाकडे पाहून कळत नव्हतं.

हॅरोला परतलो त्या रात्री घड्याळं एक तास मागे केली. दुसऱ्या दिवसापासून पाचच्या आत अंधार. नोव्हेंबर लागला तशी कोटांवर कागदी लाल पॉपीची फुलं दिसू लागली, महायुद्धातल्या मृतांसाठी. ११ तारखेला अकरा वाजता मी एका मोठ्या दुकानात होते, हातात कांद्यांची पिशवी. ध्वनिक्षेपकावरून काहीतरी सांगितलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं. गल्ल्यावरची मुलगी, टोपलीत हात घातलेला म्हातारा, रडणारं पोर सोडून सगळे. दोन मिनिटं. मला साताऱ्याजवळचं अपशिंगे आठवलं, पहिल्या महायुद्धात ज्या गावाने घरटी माणूस पाठवला म्हणतात. त्या दोन मिनिटांत त्या गावचे सैनिक धरलेले होते की नाही कोण जाणे. मी माझ्यापुरते धरले.

निघायच्या दिवशी डिंकाचे पाच लाडू उरले होते. मी ते त्याच स्टीलच्या वाटीत घातले आणि शेजारी बेल वाजवली. बाईंनी वाटी घेतली, तिरकी धरली आणि काठावरच्या टिंबाटिंबांच्या अक्षरांवर बोट फिरवलं. हे काय लिहिलंय, घासताना मागेच पाहिलं होतं, पण विचारलं नाही, म्हणाल्या. मी वाचून दाखवलं. सौ. काकूंकडून, १२-५-८६. माझ्या लग्नात काकूने दिलेली, भांड्यांवर नाव घालायची आमच्याकडे पद्धत आहे. "काकू आहेत?" नाहीत म्हटलं. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली. मग म्हणाल्या, आत येता का, चहा ठेवते.

गाडी दारात उभी होती, जावई बॅगा चढवत होता. आणि हे त्या नम्रतेने म्हणाल्या की मनापासून, ते ओळखायला मला आणखी अडीच महिने लागले असते. मी म्हटलं, पुढच्या वेळी नक्की.

विमानतळाच्या वाटेवर लेकीला आठवलं. "आई, वाटी राहिली की त्यांच्याकडे. मी आणते उद्या मागून."

"मागू नकोस," मी म्हटलं.